दुसरी चव

आण्णा जगदाळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी, टीचभर आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे होते. हातात तांब्याची पट्टी होती आणि त्या पट्टीनं ते जीभ खरवडत होते. मी सांगलीहून नेमणुकीचं पत्र घेऊन आलेली, नवी पर्स, नवी चप्पल, एम.एस्सी.चा ताठा. मी दोनदा खाकरले. त्यांनी मागं न बघताच हात वर केला.

"थांबा जरा ताई. हत्यार साफ करतोय."

लोणंदजवळच्या औद्योगिक वसाहतीतला तो छोटासा रसायनांचा कारखाना. दुसऱ्यांनी सांगितलेला माल त्यांच्यासाठी बनवून द्यायचा, ड्रम भरायचे, गाडी लावायची, संपलं. कधी औषधाच्या गोळीत जाणारी पांढरी पूड, कधी लोणच्या-सरबतात पडणारी आम्लं. मी माल तपासणारी, आणि आण्णा माल बनवून घेणारे. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठचं रान थोरल्या मुलाच्या हवाली करून, काकींना घेऊन ते लोणंदला भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. का आलात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय चाखू? आमटी?"

चाखणं हे आण्णांचं खरं काम. बाकी सगळं त्यांच्या दृष्टीनं त्याच्या आजूबाजूला.

तयार मालाचा ड्रम उघडला की ते आधी डोळ्यानं बघायचे, मग वास घ्यायचे, आणि मग उजव्या हाताची करंगळी अगदी हलकेच पुडीला टेकवून जिभेच्या शेंड्यावर ठेवायचे. डोळे मिटायचे. ओठ घट्ट. सगळं खातं तेवढा वेळ गप्प उभं. मग आण्णांच्या नाकातून एक "हं" यायचा. तो "हं" आला की माल पास. माझा रिपोर्ट त्यानंतर, शोभेला.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी भांडले. "आण्णा, ही रसायनं आहेत, गुलाबजाम नव्हेत. कुठल्या जमान्यात आहात तुम्ही?"

"आवं ताई, कवटीचं चित्र आसंल तितं आमी जीभ लावत न्हाई. येवडं डोकं हाय आमाला." आणि वर मिश्कीलपणे, "जे लोकांच्या पोटात जायचं ते आदी आपल्या जिभंवर ठिवायला भ्यायचं कशाला?"

मी तरी भांडत राहायचे. मनातून ते पटायचं, हेही खरं.

त्या जिभेसाठी माणसानं काय काय सोडलं होतं! आमच्या भागात दोन माणसं भेटली की आधी तंबाखूची पिशवी निघते आणि मग ख्यालीखुशाली. आण्णांनी जन्मात तंबाखू मळली नाही. पान नाही, सुपारी नाही. त्यांचा धाकटा भाऊ फौजेतला सुभेदार. तो सुट्टीवर आला की कॅन्टीनची बाटली आणायचा आणि आण्णा ती सील न फोडता कपाटात ठेवायचे, पाहुण्यांसाठी. दारू वाईट म्हणून नव्हे, जीभ बधिर होते म्हणून. चहासुद्धा कोमट करून प्यायचे. काकी वैतागून म्हणायच्या, "माज्या हातचा ठेचा ह्या मानसानं कदी खाल्ला न्हाई. लगीन कशाला केलं कुनास ठावं."

आणि तरी ती जीभ चुकायची. एकदा एका आम्लाच्या ड्रमवरून आमची जुंपली. ते म्हणाले चिंचेतलं, मी म्हणाले लिंबातलं. त्यांनी दोनदा चाखलं, पैज लावली, माझ्या उपकरणाला "डबडं" म्हणाले. मी तीनदा तपासून दाखवलं. लिंबातलंच निघालं. आण्णा डबा उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. "तुमच्या मशीनला द्या," म्हणाले आणि निघून गेले. माफी मागायची त्यांची ही रीत.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट त्या दोनदा चाखण्याची. तो त्यांचा नियम होता आणि त्याच्या मुळाशी साखर कारखान्यातली एक आठवण होती. दिवाळीच्या सुमाराला गळीत सुरू झालं आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या की आण्णांना ती आठवण हटकून यायची.

ते नवे होते तेव्हाची गोष्ट. वाफेवर रस आटवायच्या मोठ्या पॅनवर एक म्हातारे मिस्त्री होते, आण्णांचे गुरू. पाक आटत आला की त्यात साखरेचे बारीक कण चमकायला लागतात. 'दाणा धरला' म्हणतात त्याला. दाणा धरल्यावर माल वेळेत उतरवला नाही तर पॅनमध्येच सगळं दगडासारखं बसतं. त्या दिवशी आण्णांनी पाक चाखला, गोड लागला, ठीक म्हणाले. मिस्त्रींनी चाखलं, त्यांनाही काही कळलं नाही. पण मिस्त्री हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा घेतलं, या वेळी बोटभर. आणि थुंकले. वरच्या टाकीतून धुण्याचा सोडा झिरपत होता. मिस्त्रींनी आण्णांच्या कानाखाली एक वाजवली आणि म्हणाले, पहिल्यांदा जीभ लाजते, दुसऱ्यांदा बोलते.

"तवापास्नं," आण्णा गाल चोळत सांगायचे, जणू चपराक कालची, "पयल्यांदा काय कळलं न्हाई तर दुसऱ्यांदा जास्त घ्यायचं. लय मोठा नियम दिला मानसानं."

मी हे ऐकून हसायचे. आता तो नियम आठवला की हसू येत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक नवी पार्टी आली. दोन तरुण माणसं, हिंदी बोलणारी, गाडी महागडी. त्यांचा माल अगदी थोडा होता, आमच्या मोठ्या भांड्यांच्या मानानं चिमूटभरच. पण मालक त्यांच्यामागं इतके लगबगीनं फिरत होते की आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. अत्तरात पडणारं काहीतरी आहे, एवढंच आम्हाला सांगितलं. नाव नाही. एक अक्षर आणि एक आकडा. अर्धवट झालेला माल ते स्वतःच घेऊन आले होते, शेवटचा टप्पा फक्त आमच्याकडं. ते दोघं सारखे हातमोजे घालून असायचे. अंगणात चहा पितानासुद्धा एकानं काढले नाहीत.

आण्णांना पहिल्यापासून ते खटकलं. मलाही खटकलं. त्या पार्टीला तपासणीचा कागद नको होता. असं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. बाकीचे कागदासाठी जीव खातात.

आणि मग मालकांनी प्रयोगशाळेत येऊन सांगितलं, "आण्णा, ह्या मालाचा नमुना ठेवायचा नाही."

आमच्या धंद्यात प्रत्येक मालाचा थोडासा नमुना बाटलीत भरून कपाटात ठेवतात. उद्या तक्रार आली तर तीच साक्ष. आण्णा चष्मा पुसत म्हणाले, "नमुना न्हाई तर सही न्हाई."

"पार्टीची अट आहे."

"पार्टी जाईल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

मालक हसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बाहेर घेऊन गेले. परत आले तेव्हा आण्णांचा चेहरा पडलेला होता. सही करणार होते, हे मला कळलं. पण ते माझ्या टेबलाशी वाकले आणि चष्म्याची डबी किंचित उघडून मला दाखवली. आत काचेची नळी, नळीत पांढरी पूड. "ठिवला," हळूच म्हणाले. मला हसू आलं. शाळेतल्या पोरानं कैरी लपवावी तसा चेहरा झाला होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. आण्णा ड्रमपाशी गेले, झाकण उघडलं, डोळ्यानं पाहिलं. स्वच्छ, पांढरा, चमकणारा दाणा. "झ्याक," म्हणाले. वाकून वास घेतला. तेवढ्यात त्या दोघांतला एक पुढं धावला, "अंकल, हाथ मत लगाना! दूर से, दूर से!"

त्यानं एवढंच म्हटलं असतं तर कदाचित आण्णा थांबले असते. पण त्यानं आण्णांचा हात धरून बाजूला केला. सगळ्या खात्यासमोर. उभी हयात पॅनवर काढलेल्या माणसाचा हात.

आण्णांनी बाही नीट केली. तो पाठ फिरवून गाडीकडं गेला आणि आण्णांची करंगळी ड्रममध्ये गेली. मी दारातून पाहिलं. "आण्णा!" म्हणून ओरडलेसुद्धा.

"कवटी कुटं हाय?" ड्रमकडं बोट दाखवून ते म्हणाले.

कवटी नव्हती. ड्रमवर कुठलंच चित्र नव्हतं, कुठलंच नाव नव्हतं.

डोळे मिटले, ओठ घट्ट. बराच वेळ गेला. "हं" आला नाही. "कडू हाय," ते म्हणाले. "नुसतं कडू. म्होरं कायच न्हाई."

त्यांनी हात धुतले, चूळ भरली, चहा घेतला. अकराच्या सुमाराला गाडी भरायला लागली तेव्हा ते पुन्हा खाली गेले. मला वाटलं मोजणीला गेले. परत आले ते जिभेनं ओठ चाचपडत. "दुसऱ्यांदा जरा जास्त घितलं," म्हणाले. "कडूच. आपल्याला काय व्हत न्हाई म्हंजे माल साधा हाय." आणि खुर्चीत बसून त्यांनी सही केली. माल पास. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आण्णा डबा उघडत होते.

भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"वैशालीताई, ही फरशी कुनी धुतली का?"

"नाही. का?"

"हालतीय."

मला वाटलं, चक्कर येत असेल. ऑक्टोबरचं ऊन, रिकामं पोट. मी पाणी दिलं. पेला घेताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली आणि मी दचकले. बाहेर पत्रा तापून तडतडत होता आणि आण्णांची बोटं माठातून काढल्यासारखी गार होती. नखं पांढरी फटक. करंगळी तर निळसर.

"ताई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "भितीला दाना धरतोय."

मी भिंतीकडं पाहिलं. पिवळा ऑइलपेंट, कॅलेंडर.

"बारीक हाय आजून. पन धरतोय. तुमच्या तोंडालाबी धरतोय. भिऊ नका, मी सांगतो तसं ध्यानात ठिवा. कुनीतरी ध्यानात ठिवाय पायजे." मग आवाज बदलला. "हे उतरवायचं कुनी? सगळं बसंल. स्टीम बंद करा! आरं स्टीम बंद करा कुनीतरी!"

ते उभे राहिले, खुर्ची पडली. चार माणसांना आवरेनात.

मालक आले, दारातूनच बघून म्हणाले, "पित्त झालं असेल. घरी सोडा." मी त्या माणसाला त्या क्षणी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. कंपनीच्या जीपमध्ये आण्णांना घातलं, वाटेत काकींना घेतलं आणि साताऱ्याला दवाखान्यात नेलं. त्या सबंध वाटेत आण्णांनी माझा हात सोडला नाही. खिडकीबाहेर बघत ते पुटपुटत होते, रानं, झाडं, डोंगर सगळं घट्ट होत चाललंय, आता कुणालाच हलता येणार नाही. आणि मधेच एखाद्या मिनिटापुरते शुद्धीवर येऊन काकींना म्हणायचे, "तू भिऊ नगंस. मी हितंच हाय." काकी पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, भला होता. "काय घेतलंय यांनी?"

"आमच्या कारखान्यातला माल," मी म्हणाले.

"दारू?"

काकी एकदम उसळल्या. "आवं डाक्टर, ह्या मानसानं जन्मात तंबाखूला हात लावला न्हाई!"

"मग धोत्र्याचं बी? गांजा?" त्यानं पट्टी बुडवून लघवी तपासली. पट्टीवर काहीच उमटलं नाही. रक्तदाब मात्र चढत चालला होता. त्यानं पुन्हा एक पट्टी वापरली आणि मग माझ्यासमोर हात टेकले. "पट्टीला जे शिकवलंय तेच पट्टीला कळतं, मॅडम. हे काय आहे ते मला माहीत नाही. कशानं उतरेल तेही माहीत नाही. मी फक्त हृदय सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत ते चाललं. एवढा वेळ! दारू उतरते, धोत्राही उतरतो. हे उतरतच नव्हतं. काकी उशाशी बसून त्यांची बोटं चोळत होत्या, गरम पाण्याची पिशवी लावत होत्या, आणि बोटं गार ती गारच. मी पहिल्यांदाच रसायनाला भ्याले. तोवर मी रसायन शिकले होते, रोज तपासतही होते, भ्याले नव्हते.

आण्णा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी काकींकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. छताकडं बघत विचारलं, "गाडी गेली?"

"गेली."

"मी पास केली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ताई, तुमाला कळतंय का? मला घाई न्हवती. मी म्हातारा मानूस, शिकल्याला. तरी मी काय व्हत न्हाई म्हनून दुसऱ्यांदा घितलं. पोरं काय करतील? पोरांस्नी तर घाईच आस्ती."

त्या क्षणापासून आण्णांना दुसरं काही सुचलं नाही. हे सगळं शरीरात तासन् तास दबा धरून बसतं आणि माणसाला वाटतं काहीच नाही. मग माणूस आणखी घेतो. ही गोष्ट त्या गाडीमागं कुणीतरी पळत जाऊन सांगायला हवी होती.

चालता येऊ लागल्यावर ते थेट पोलिसांकडं गेले. चष्म्याची डबी टेबलावर उघडून ठेवली. मालक नंतर मला म्हणाले, म्हातारा खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला. मी म्हणाले, वासे पोकळ असतील तर मोजायलाच हवेत. कारखान्याला सील लागलं. त्या दोघांचे फोन बंद, गाडीचा नंबर खोटा. आमच्या नोकऱ्या गेल्या. मी सांगलीला परतले, एका ज्युनिअर कॉलेजात लागले. त्या नळीतल्या पुडीचा सरकारी रिपोर्ट यायला बरेच आठवडे गेले.

रिपोर्टातलं नाव पोलीस ठाण्यातल्या साहेबांना वाचता येईना म्हणून त्यांनी आण्णांना बोलावून वाचायला दिलं. आण्णांनी मला फोन लावला आणि इंग्रजी नाव एकेक अक्षर, एकेक आकडा करत सांगितलं. मी शोधायला बसले. घराणं ॲम्फेटामिनचं, ज्याची नशेची पूड सगळ्यांना ऐकून माहीत असते. पण त्या घराण्यातली ही दूरची, विचित्र शाखा. जागेपण वाढवण्यावर न थांबता डोळ्यांपुढचं जगच बदलून टाकणारी. त्या शाखेतलीही काही भावंडं लोकांना ठाऊक आहेत. हे मात्र असं की त्याच्याकडं कुणी फिरकलंच नव्हतं. कधीकाळी परदेशात कुणीतरी ते बनवलं, स्वतःच जिभेवर ठेवलं आणि दोन परिच्छेद लिहून पुढं गेला. किती घेतलं तर मरण येतं, बोटांतलं रक्त का आटतं, उतारा काय, काही नाही. मी सगळं शोधून दमले. दोन परिच्छेद.

ते मी आण्णांना फोनवर मराठीत करून सांगितले.

"म्हंजे त्यानंबी चाखलंच म्हनायचं," ते म्हणाले. त्या आवाजात क्षणभर जुने आण्णा होते. "चढायला उशीर लागतो, आसं लिवलंय का त्यानं?"

"लिहिलंय."

"तवर दुसऱ्यांदा घिऊ नका, आसं लिवलंय?"

"नाही, आण्णा."

"मग ते सांगायचं कुनी?"

तुम्ही तब्येत जपा, असं काहीतरी पुचाट बोलले.

नंतर लगेचच वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात बाहेरगावचे दोन तरुण, एकाचा मृत्यू, दुसरा गंभीर, विषबाधेचा संशय. बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं, हाताची बोटं काळीनिळी पडली होती. मी ते वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. ते आमच्याच ड्रममधलं होतं, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. नसेलही. पण तोच पेपर लोणंदलाही येत होता.

दुसऱ्या दिवशी काकींचा फोन. "ताई, हे सकाळच्या एष्टीनं वर म्हाबळेश्वराला गेलं. आजून आलं न्हाईत. कुटं जातो म्हनून इचारलं तर म्हनलं, माल परत आनाय."

ते परत आले, पुन्हा गेले. मग शनिवार-रविवार जायचे, मग मधल्या वारीही. ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याच्या पडवीत राहायचे. काकी म्हणायच्या, घरी असले तरी घास घेतला की घड्याळ बघतात. आमटीची दुसरी वाटी घेत नाहीत. एक भाकरी खातात आणि भूक असली तरी उठतात. "आवं, काय व्हतंय का बगतो म्हनत्यात. भाकरीनं काय व्हनार हाय?"

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजची सहल महाबळेश्वरला गेली. मला ते कुठं भेटतील हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. गाडीतळावर आमची बस थांबली, मुलं खाली उतरली, आणि गर्दीतून एक पांढरा बुशशर्ट पुढं आला. अंग निम्मं झालेलं. डोक्याला मफलर, उजव्या हातात, फक्त उजव्याच, लोकरीचा हातमोजा. त्या हातमोज्यानं मला त्या दोघांची आठवण झाली. मी जागच्या जागी उभी राहिले.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. ते माझ्या विद्यार्थ्यांशी बोलत होते.

"पोरांनू, काय घिऊ नका. पन कुनी दिलं, आन् घितलंच, आन् काय झालं न्हाई, तर दुसऱ्यांदा घिऊ नका. थांबा. लय येळ थांबा. त्ये उशिरा येतं."

मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. एकजण म्हणाला, "आजोबा, आम्ही चहापण एकदाच घेतो." हशा पिकला. आण्णाही थोडे हसले, मान हलवली, "शाना हायेस," म्हणाले आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

मी पुढं होऊन हात धरला. "आण्णा."

"वैशालीताई!" चेहरा उजळला. "तुमची पोरं व्हय ही? बरं झालं. सांगितलं मी त्यांस्नी."

आम्ही कठड्यावर बसलो. मी त्यांच्यासाठी सांगलीचं भडंग आणलं होतं. पूर्वी एक बकाणा मारून कुठल्या दुकानाचं ते सांगायचे. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली, उघडली नाही. हातमोजा काढून करंगळी दाखवली. ती अजून पांढरीच होती. "हिला काय लागत न्हाई आता. सुई टोचली तरी." मग, जणू मला धीर देत, "जीभ हाय चांगली. पन तिच्यावर इश्वास न्हाई ऱ्हायला."

समोर हातगाडीवर स्ट्रॉबेरी होत्या. मी घेतल्या, दोन त्यांच्या तळहातावर ठेवल्या, चांगल्या मोठ्या. त्यांनी एक तोंडात घातली. डोळे मिटले. ओठ घट्ट. मी पूर्वीसारखीच गप्प बसून राहिले. आजूबाजूला टॅक्सीवाले ओरडत होते, माझी मुलं फोटो काढत होती, आणि मी त्या एका "हं"ची वाट बघत होते. मला तो हवा होता. माझ्यासाठी हवा होता.

त्यांनी डोळे उघडले. आला नाही.

"गोड आहे ना, आण्णा?"

"आता गोड हाय."

"मग दुसरी घ्या की."

ते त्या स्ट्रॉबेरीकडं बघत राहिले. तोंडाला पाणी सुटलं होतं, मला दिसत होतं. मग ती त्यांनी रुमालात गुंडाळली, बुशशर्टाच्या खिशात ठेवली, पेनांच्या शेजारी. "सांजंला बघू," म्हणाले.

बस सुटायची वेळ झाली. मी त्यांच्या पाया पडले. काकींना फोन करा म्हणाले, लोणंदला जा म्हणाले, मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो त्या उन्हातही गार लागला.

बस वळली तेव्हा मी मागच्या खिडकीशी गेले. तळावर एक नवी गाडी येऊन थांबली होती, आत चार-पाच तरुण मुलं-मुली, गाणी लावलेली. आण्णा लगबगीनं तिकडं निघाले होते. स्ट्रॉबेरी दबली असावी, पांढऱ्या खिशावर लाल डाग पसरत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी गाडीच्या खिडकीवर हात ठेवला, वाकले, बोलायला लागले. आतल्या कुणीतरी बटण दाबलं. काच वर गेली. आण्णांचं बोलणं चालूच होतं.